कोरडा घास

गुणमालाबाईंनी बस्तीत स्तवन धरलं की बाहेर कट्ट्यावर तंबाखूच्या भावावर चाललेलं बोलणं आपोआप थांबायचं. वारणेकाठच्या त्या गावात जैन शेतकऱ्यांची घरं पुष्कळ, आणि त्यांच्या देवळाला सगळे बस्तीच म्हणत. सकाळच्या अभिषेकाला तिथं बाया जमायच्या आणि सगळ्यांच्या पुढं गुणमालाबाई बसायच्या. त्यांचा आवाज काही कोवळा नव्हता, पण भरलेला होता. शब्द कसे निवडलेल्या दाण्यांसारखे स्वच्छ पडत. लिहायला-वाचायला येणाऱ्या बाया तेव्हा थोड्याच. नव्यानं सासरी आलेल्या पोरी त्यांच्या तोंडाकडं बघत बघतच सगळं पाठ करत.

नवरा जिनपाल पाटील. नदीकाठी ऊस आणि हळद करणारा, कष्टाला वाघ, पण मानाचा जरा भुकेला. मूल एकच, त्रिशला. ती लहान असताना तिला देवी आल्या. अंगभर फोड, डोळे मिटलेले, घशाखाली दूध उतरेना. घरानं आशा सोडली होती. त्या पावसाळ्यात गावात एक मुनी महाराज चातुर्मासाला होते. गुणमालाबाई त्यांच्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नेम घेतला. दिवस मावळल्यापासून उगवेपर्यंत तोंडात काही घालणार नाही. अन्न नाही, औषध नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. रात्री न जेवण्याचा नेम गावात घरोघरी होता, पण पाणीही सोडायचं म्हणजे कडक काम. पोर वाचली. गालावर दोन-चार वण राहिले, एवढंच. गुणमालाबाईंना तो नेम पुढं कधी जड वाटला नाही, वैशाखातही नाही.

तो जड जायला लागला बेचाळीस सालानंतर.

आधी त्यांना वाटलं, उष्णता झाली असेल. तोंड कोरडं पडायचं. मग भाकरी त्रास देऊ लागली. घास चावावा तर तो भिजायचाच नाही, पिठासारखा गालात फिरत राहायचा. पाण्याचा घोट घेतला की खाली उतरायचा. पुढं पुढं प्रत्येक घासाला घोट लागू लागला. चिंच फोडताना सगळ्या बायांच्या तोंडाला पाणी सुटायचं. गुणमालाबाईंनी मुद्दाम एक आख्खं बुटुक जिभेवर ठेवून बघितलं, तर नुसती आग झाली. सुईत दोरा ओवायला टोक ओठांत धरावं, तर ते ओठांतून कोरडंच बाहेर यायचं. दाताला कीड लागली, ती एकाला नव्हे. हिरडीपाशी दात काळे पडून कडा ढासळू लागल्या. आमटीत मीठ किती पडलं ते जिभेला कळेना.

"आज पुन्हा खारट?" जिनपाल ताटावरून म्हणायचे.

"पडलं असंल हातातनं," असं म्हणून त्या विषय मोडायच्या.

रात्र सगळ्यात वाईट. जीभ टाळ्याला चिकटून जाग यायची. ती सोडवताना चामडं ओढल्यासारखं वाटायचं. उशाला पाण्याचा तांब्या असायचा, नवऱ्यासाठी. त्याच्याकडं त्या पाठ करून झोपायच्या.

शेजारच्या गावचे वैद्य ज्येष्ठमध देऊन गेले, तूप लावायला सांगून गेले. त्यानं घटकाभर बरं वाटायचं. डोळ्यांतही आताशा वाळू गेल्यासारखं खुपायचं. मूर्तीवरून उतरलेलं अभिषेकाचं पाणी, म्हणजे गंधोदक, पापण्यांना लावलं की थोडा गारवा मिळे, म्हणून त्या ते इतर बायांपेक्षा जास्त वेळ लावत. बायांना ती भक्ती वाटली.

चव्वेचाळीस सालच्या माघात कागवाडहून गाडी आली. त्रिशला तिथं दिलेली होती. मुलगा झाला होता, पण बाळंतिणीचा ताप उतरत नव्हता. जिनपाल आणि गुणमालाबाई पोचले तेव्हा त्रिशला माणूस ओळखत होती. तिचे ओठ फुटले होते. गुणमालाबाई कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांवरून फिरवत बसल्या.

"अव्वा, तुझं बी ओठ फुटल्यात की गं," त्रिशला म्हणाली. हे तिचं आईशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती गेली.

घरात एकच आकांत झाला. जावई जवाहर भिंतीला डोकं टेकून रडत होता. त्याची आई ऊर बडवत होती. गुणमालाबाई लेकीच्या पायाशी बसल्या होत्या. सवयीनं त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पदर कोरडा निघाला. पुन्हा लावला. डोळ्यांची नुसती आग होत होती, जसं कोणी मिरचीचं बोट लावलंय. हुंदका यायचा, अंग गदगदायचं, पण पाणी येत नव्हतं. आजूबाजूच्या बायांच्या नजरा त्यांच्या तोंडावर खिळल्या.

"सख्खी आई न्हवं ही?" कोणीतरी पाठीमागं हळूच विचारलं. "एक टिपूस न्हाई डोळ्यांत. दगुडच म्हणायचा."

ते त्यांनी ऐकलं.

तान्ह्या नातवाला, कुबेरला, त्या आपल्या घरी घेऊन आल्या. गावात बातमी आधीच पोचली होती, पण गावाकडं येईतो तिचा अर्थ पालटला होता. कागवाडला जी दगड ठरली, तिला इथं लोक वेगळ्याच डोळ्यांनी बघू लागले. बाई कधीपासून वाळत चाललीय, घासभर खाते, रात्री पाण्याला शिवत नाही, कमी बोलते, आणि पोटची पोर गेली तरी डोळ्यांत पाणी नाही! मग हे काय साधं आहे? भरमाप्पा उपाध्ये बस्तीचे पुजारी होते, वयानं मोठे, मनानं सरळ. ते प्रवचनात म्हणाले, "मोह जिंकणं म्हणजे काय, ते पोथीत कशाला बघायचं? आपल्या गावात हाय की." सगळ्यांच्या माना गुणमालाबाईंकडं वळल्या.

त्या दिवसापासून बाया त्यांच्या पाया पडू लागल्या.

"अगं, असं करू नका," त्या म्हणायच्या. "मला रडूच येत न्हाई गं. आत लय हुतंय, पर येत न्हाई."

बाया एकमेकींकडं बघून मान हलवायच्या. एवढी मोठी होऊन किती लीनपणा, असं त्यांना वाटे. गुणमालाबाई घरी येऊन कुबेरला मांडीवर घेत. पोराला दात येत होते, हनुवटी सदा ओली. लाळेरं बांधलं तरी घटकेत चिंब व्हायचं, त्यांचा खांदाही भिजायचा. त्या ते पुसत नसत. त्या ओल्या गालाला आपला गाल लावून बसत आणि मग त्यांना त्रिशलाचं बाळपण आठवे, आणि डोळे पुन्हा नुसतेच जळत.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यात त्यांचा एक डोळा लाल झाला आणि उजेड सोसेना. जिनपालनी बैलगाडी जुंपली आणि त्यांना सांगलीला नेलं. तिथं एक प्रौढ डॉक्टर होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी डोळा बघितला, मग तोंड उघडायला लावलं. जीभ बघितली आणि ते जरा थांबले. लाल, भेगाळलेली, उन्हात तडकलेल्या रानासारखी जीभ. त्यांनी टीपकागदाची बारीक पट्टी कापून तिचं टोक खालच्या पापणीत अडकवलं. काही वेळानं काढली तर पट्टी जशीच्या तशी. मग लिंबाची फोड चाखायला दिली आणि जिभेखाली बोट घालून बघितलं.

"रडू येतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

गुणमालाबाई दचकल्या. इतक्या दिवसांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"लेक गेली माझी," त्या म्हणाल्या. "तवापण आलं न्हाई."

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. "बाई, हा आजार आहे. थुंकी तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, कानाखाली, जबड्याखाली, जिभेखाली. डोळ्यांतल्या पाण्याच्या वेगळ्या. तुमच्या दोन्ही वाळत चालल्यात. परदेशात एका डॉक्टरानं अशा बायांबद्दल लिहिलंय, ते मी वाचलेलं आहे. असा रोगी मात्र पहिल्यांदाच बघतोय."

"थुंकीचा आजार?" जिनपालनी विचारलं. त्यांच्या तोंडावर जरा अविश्वास होता. "थुंकी म्हणजे टाकायचीच वस्तू की, डॉक्टर."

"टाकायची खरी, पण ती असते तेव्हाच आपल्याला टाकावीशी वाटते, पाटील. घास भिजवते ती. जिभेवर विरघळल्याशिवाय मीठ-साखर कळत नाही. दात दिवसभर धूत राहते. तोंडात जखम झाली तर ती किती लवकर भरते बघा, अंगावरची भरत नाही तशी. बोलताना जीभ फिरते तीही तिच्यावरच. हे सगळं बाईंचं थांबलंय."

"इलाज?"

"मुळावर इलाज माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल असं वाटतही नाही. डोळ्यांत घालायला थेंब देतो. तोंड सदा ओलं ठेवायचं. घोट घोट पाणी, दिवसा आणि रात्रीही. रात्री तर जास्तच. नाहीतर उरलेले दातही जातील आणि घशाला जखमा होतील."

रात्री, या शब्दावर गुणमालाबाईंनी मान खाली घातली.

गाडी परतीच्या वाटेला लागली. मग जिनपाल म्हणाले, "औषध घालत जा डोळ्यांत. पर गावात ह्यातलं काय बोलाय नको. लोकं मानत्यात, तर मानू देत. कुणाचं काय जातंय?"

गुणमालाबाईंनी थेंबांची बाटली पदराच्या गाठीत बांधली. एका परीनं त्यांच्या मनावरचा मोठा धोंडा उतरला होता. आपण दगड नव्हतो. लेकीसाठी रडायचं होतं ते खरंच होतं. त्या सुटकेत त्यांना गावाचा विचार सुचला नाही.

भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाचे दिवस. बस्तीत गर्दी, घरोघरी उपास. त्या वर्षी बायांमध्ये एक नवंच वारं होतं. कोणी मीठ सोडलं, कोणी एक वेळचं पाणी सोडलं, आणि विचारलं की म्हणत, "गुणमालाअक्का न्हाईत का करत?"

शेजारच्या घरात अक्काताई नावाची सून होती. पहिलटकरीण, पोरगी दोन-तीन महिन्यांची. दिसायला नाजूक, पण मनाची हट्टी. तिनं गुणमालाबाईंसारखं रात्रीचं पाणी तर सोडलंच, वर पर्वातले उपासही निर्जळ धरले. सासूला अभिमान वाटला. कोणी अडवलं नाही. पर्वाच्या शेवटच्या दिवसाच्या, चौदसीच्या, आदल्या दिवशी दुपारी तिच्या घरातून ओरडा आला. गुणमालाबाई कुबेरला तसंच टाकून धावल्या.

अक्काताई चुलीपुढं आडवी झाली होती. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, जीभ कोरडीठाक. पदराखाली पोरगी कोरड्या छातीला तोंड लावून रडून रडून दमलेली. सासू तिच्या तोंडाशी पाणी नेत होती आणि ती शुद्धीवर येऊन येऊन दात आवळत होती.

"नगं. अक्का... अक्का न्हाईत पीत," ती पुटपुटली.

गुणमालाबाई खाली बसल्या. तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या तोंडून आधी आवाजच फुटेना. जीभ टाळ्याला लागलेली. त्यांनी सासूच्या हातातला तांब्या घेतला, सगळ्यांसमोर स्वतः एक मोठा घोट घेतला आणि मग बोलल्या.

"हे बघ, मी प्याले. आता तू पी. माझं तप-बिप काय न्हाई पोरी. मला रोग हाय. थुंकी वाळलीय माझी, डोळ्यांतलं पाणी वाळलंय. तुझ्या तोंडात देवानं झरा दिलाय आनि तू माझं बघून तो बुजवालीस? पी, तुझं लेकरू बघ."

अक्काताईनं डोळे उघडले. मग दात सोडले. थोडं थोडं करत तांब्याभर पाणी तिच्या पोटात गेलं. नंतर गूळ-पाणी, नंतर पेज. संध्याकाळपर्यंत ती उठून बसली. पोरीला दूध यायला मात्र पुढं बरेच दिवस लागले, तोवर गुणमालाबाईंनी घरच्या गाईचं दूध पाणी घालून रोज पोचवलं.

दुसऱ्या दिवशी चौदसीला सगळं गाव बस्तीत होतं. पूजा संपल्यावर गुणमालाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी जे घरात सांगितलं तेच तिथं सांगितलं. सांगलीचा डॉक्टर, टीपकागद, ग्रंथी, सगळं. आवाज फाटत होता, मध्ये मध्ये थांबून त्या घोट घेत होत्या.

"मोह मी जिंकला न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "त्रिशला गेली त्या दिवसापासनं एक दिवस सुखाचा न्हाई. तुमाला दिसत न्हवतं, एवढंच."

काही बाया उठून गेल्या. आपल्याला फसवल्यासारखं त्यांना वाटलं असेल. त्यांतल्या एकदोघी पुढं समोरून आल्या की रस्ता बदलत. जिनपाल खांबाआड उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. भरमाप्पा उपाध्ये मात्र जवळ आले आणि म्हणाले, "चूक माझी हाय, बाई. न विचारता मी तुमच्या दुःखाचा दाखला केला."

"तुमी चांगल्या मनानं केलंसा," त्या म्हणाल्या.

"मग आता रातच्या पाण्याचं काय?"

यालाच त्या भीत होत्या. "ते न्हाई सोडवत मला, उपाध्ये. ते त्रिशलासाठी घेतलेलं हाय. ती गेली. तिचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच हाय. आनि नातू."

"महाराजांपुढं घेतलेला नेम सोडवायचा अधिकार मला न्हाई," उपाध्ये म्हणाले. "पर कुंभोजच्या डोंगरावर एक महाराज आल्यात. जाऊन या."

त्या गेल्या. आश्विनात, जिनपाल आणि कुबेरला घेऊन. महाराज वृद्ध होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "नेम कशासाठी घेतलात?"

"पोरगी जगावी म्हणून."

"जगली?"

"वीस वर्षं, महाराज. संसार बघितला तिनं. ह्यो तिचाच."

"मग तो नेम पुरा झालेला आहे," महाराज म्हणाले. "पुरा झालेला नेम शिक्षेसारखा वाहू नये. देह आजारी असताना त्याला पाणी नाकारणं हे तप नव्हे. रात्रीचं अन्न सोडलंत तसं राहू द्या. पाणी आणि औषध घेत चला. रोज एक माळ जास्त फिरवा."

गुणमालाबाईंनी पायांजवळच्या फरशीवर डोकं टेकलं. त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले.

त्या दिवशी ते धर्मशाळेत उतरले. दिवेलागण झाली. गुणमालाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोर मांडीवर झोपलेलं. पाणी समोर होतं, हात पुढं होत नव्हता. जिनपालनी तांब्या उचलला. गावात तोंड दाखवायचं कसं म्हणून ते महिनाभर घुम्यासारखे वागले होते. त्यांनी फुलपात्रात पाणी ओतलं आणि बायकोच्या हातात दिलं.

"घ्या," ते म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात ते त्यांना पहिल्यांदाच अहो-जाहो बोलले, आणि स्वतःच ओशाळले. "घे. मी कवा विचारलंच न्हाई तुला, रात कशी काढतीस ती."

त्यांनी घोट घेतला. तो जिभेवर ठेवला, कडेकडेनं फिरवला आणि मग गिळला.

आजार बरा झाला नाही. दात एकेक करून गेले. भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून, भिजवून खायची, हा कायमचा शिरस्ता झाला. बस्तीत त्या अजून पुढं बसत, पण आख्खं स्तवन आता त्यांना पेलत नसे. पहिली ओळ त्या म्हणत आणि बाकीचं अक्काताई उचले. तिचा आवाज बारीक होता, शब्द कधी कधी चुकत. गुणमालाबाई हात वर करून थांबवत आणि दुरुस्त करत.

पन्नासच्या उन्हाळ्यात जवाहर आला. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. बायको भली होती, तीही बरोबर आली होती. पोराला आता शाळेत घालायचं, बापापाशी राहू दे, असं त्याचं म्हणणं. ते रास्तच होतं. गुणमालाबाईंनी पोराचे कपडे बांधले, लाडू बांधले, नव्या आईच्या हातात त्याचा हात दिला.

"रातचं पाणी मागतोय ह्यो," त्या तिला म्हणाल्या. "उशाला ठेवत जा."

गाडी निघाली तेव्हा दारात बाया जमल्या होत्या. कुबेर गाडीतून आजीकडं हात करून रडत होता. अक्काताईनं तोंडाला पदर लावला. आता गुणमालाबाईंच्या डोळ्यांकडं कोणी निरखून बघत नव्हतं. शेजारची म्हातारी येऊन नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि गाडी नदीच्या उताराला लागेपर्यंत तो हात तिनं काढला नाही.

मग जिनपाल म्हणाले, "चल, दिवस कलला. जेवून घेऊ."

त्या आत गेल्या आणि त्यांनी दोघांची ताटं घेतली.